सत्तरीनंतरचं हृदय आणि पाय : अनुवंशाचा वाटा नेमका किती?

‘आमच्याकडे हार्टचं घराण्यातच आहे’ हे वाक्य हृदयरोगतज्ज्ञांना रोज ऐकायला मिळतं. त्यावर त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : कोणाला, आणि कितव्या वर्षी? वडिलांना किंवा सख्ख्या भावाला पंचावन्नच्या आत, आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत झटका आला असेल तर तो अनुवंशाचा इशारा धरला जातो. आजोबा ८२व्या वर्षी झटक्याने गेले, एवढ्यावरून नातवाच्या जनुकांबद्दल फारसं काही कळत नाही. त्या वयात रक्तवाहिन्या बहुतेकांच्याच कडक झालेल्या असतात.

पायांबद्दल मात्र असं कोणी विचारत नाही. आजी कितव्या वर्षापर्यंत जिना चढत होती, जमिनीवरून हाताचा टेकू न घेता कधीपर्यंत उठत होती, याची नोंद कुठल्याच केसपेपरवर नसते. खरं तर चालण्याचा वेग आणि हाताची पकड यांवरून म्हातारपणातल्या हृदयाबद्दलही बरंच कळतं. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या ‘प्युअर’ अभ्यासात पकड ५ किलोने कमी असली, की हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. पकड कमी झाल्यामुळे हृदय बिघडतं, असा याचा अर्थ नाही. अंगातली झीज दोन्हीकडे एकदम दिसते, एवढंच.

अनुवंशाच्या दृष्टीने मात्र हृदय आणि पाय यांचा हिशेब वेगळा आहे. हृदयाच्या काही आजारांत एकच जनुक पुरेसा घोळ घालू शकतं. उठणं-बसणं, चालणं, पकड यांच्यामागे शेकडो जनुकं असतात आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत पकडीतला साधारण निम्म्यापर्यंत फरक आनुवंशिक निघतो. हा आकडा माणसामाणसांतल्या फरकाबद्दल आहे. ‘माझ्या हातातली निम्मी ताकद जनुकांची’ असा त्याचा अर्थ लावला, की पुढचं सगळं चुकतं. ब्रिटनमध्ये २०१७ साली जवळपास दोन लाख लोकांचे जनुकसंच तपासून पकडीशी जोडलेल्या १६ जागा सापडल्या. त्या सगळ्या मिळूनही फरकाचा अगदी छोटा भागच उलगडतो.

भारतीयांच्या हृदयातली ती २५ अक्षरं

आपल्याला सर्वांत जवळची गोष्ट आहे ‘एमवायबीपीसी३’ या जनुकाची. हृदयाच्या स्नायूत आकुंचन घडवणाऱ्या तंतूंना आवर घालणारं एक प्रथिन या जनुकावरून तयार होतं. दक्षिण आशियाई लोकांपैकी साधारण ४ टक्के जणांमध्ये या जनुकातली सलग २५ अक्षरं, म्हणजे डीएनएच्या साखळीतले दुवे, गळालेली असतात. म्हणजे शंभर घरांच्या सोसायटीत, घरटी चार माणसं धरली तर, पंधरा-सोळा जण. युरोप, आफ्रिका किंवा पूर्व आशियातल्या लोकांत हा बदल जवळपास आढळतच नाही.

२००९मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवर संशोधन करणाऱ्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी इतर संस्थांबरोबर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदय निकामी होणाऱ्या रुग्णांमध्ये हा बदल इतरांच्या तुलनेत खूप जास्त आढळला, धोका सुमारे सात पटींनी वाढतो असा निष्कर्ष निघाला. इतका घातक बदल हजारो वर्षं टिकला कसा, याचं उत्तरही सोपं होतं : त्रास सुरू होतो तो बहुधा मध्यम वयानंतर, तोवर मुलंबाळं झालेली असतात. जनुक पुढच्या पिढीत पोहोचल्यावर मग आजार दिसतो. उतारवयात बाहेर येणाऱ्या बहुतेक आनुवंशिक दोषांना हे लागू आहे.

पण गोष्ट इथे संपली नाही, आणि पुढचा भाग बातम्यांत फारसा आला नाही. गळालेली ती २५ अक्षरं जनुकाच्या अशा पट्ट्यात आहेत, ज्यावरून प्रथिन थेट बनत नाही. मग २०२०मध्ये झालेल्या फेरतपासणीत दिसलं, की ही २५ अक्षरं नसलेल्या लोकांपैकी थोड्यांच्याच त्याच जनुकात आणखी एक बारीक बदल असतो आणि धोका मुख्यतः त्या दुसऱ्या बदलामुळे येतो. दोन्ही बदल शेजारी असल्यामुळे आईवडिलांकडून एकत्रच येतात, म्हणून आधीच्या अभ्यासांत आळ पहिल्यावर गेला. बाकीच्या बहुसंख्य लोकांना केवळ २५ अक्षरं नसल्यामुळे स्नायू जाड होण्याचा मोठा धोका दिसत नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा : रिपोर्टवर फक्त ‘२५ अक्षरांचा लोप : पॉझिटिव्ह’ एवढंच असेल, तर घाबरून जायचं कारण नाही आणि त्यावरून औषधही सुरू करायचं नाही. दुसरा बदल तपासला होता का, ते लॅबला विचारायचं. आणि बघायचं ते हृदयाकडे. ईसीजी आणि टूडी इको या दोन तपासण्या जनुकाच्या रिपोर्टपेक्षा जास्त बोलतात. इकोत डाव्या कप्प्याच्या भिंतीची जाडी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. प्रौढ माणसात ती १५ मिमी किंवा त्याहून जास्त असेल आणि तसं होण्यासाठी रक्तदाब, झडपेचा आजार असं दुसरं कारण नसेल, तर हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथीचा, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आनुवंशिक आजाराचा, विचार होतो. घरात आधीच कोणाला तो आजार असेल तर १३ मिमीलाही गंभीरपणे घेतात. इथे नेहमीची गल्लत अशी, की वीस वर्षं रक्तदाब वाढलेला असला तरी भिंत जाड होते आणि मग ‘आनुवंशिक’ असा शिक्का उगाच बसतो. रक्तदाबाची जुनी कागदं सोबत नेली, तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

कुटुंबात हा आजार पक्का ठरला असेल तर सख्ख्या नातेवाइकांनी, म्हणजे आईवडील, भावंडं आणि मुलांनी, इको करून घ्यावा. पहिला इको नॉर्मल आला म्हणून विषय मिटत नाही. प्रौढांनी दर ३ ते ५ वर्षांनी तो पुन्हा करायचा असतो, कारण भिंत पन्नाशी-साठीतही जाड होऊ शकते.

मनगटात मुंग्या, आणि मग दम लागणं

हात आणि हृदय एकाच कारणाने बिघडण्याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे ट्रान्सथायरेटिन अमायलॉइडोसिस. ट्रान्सथायरेटिन हे यकृतात तयार होणारं प्रथिन उलगडून त्याचे धागे, म्हणजे अमायलॉइड, हृदयाच्या स्नायूत साचतात. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांपैकी ३ ते ४ टक्के लोकांमध्ये याला कारणीभूत असा एक बदल जन्मापासून असतो. मात्र जनुकात काहीही दोष नसताना, केवळ वयामुळेही हा आजार होतो आणि तो प्रकार जगभर, आपल्याकडेही आढळतो.

त्याची खूण हृदयाआधी हातांत दिसते. दोन्ही मनगटांत कार्पल टनेल, म्हणजे रात्री बोटांना मुंग्या, पकड सुटणं, हे सगळं हृदयाचा त्रास सुरू होण्याच्या कित्येक वर्षं आधी. कमरेच्या मणक्यातली नस दबणं, दंडाचा स्नायू अचानक तुटणं याही खुणा. साठी-सत्तरीतल्या माणसाच्या दोन्ही हातांचं कार्पल टनेलचं ऑपरेशन झालंय आणि आता जिना चढताना दम लागतोय, पायाला सूज येतेय, इकोत भिंत जाड दिसतेय पण ईसीजीतल्या रेषा मात्र बुटक्या आहेत : हे जुळून आलं तर अमायलॉइडचा विचार व्हायलाच हवा. आधी रक्त-लघवीच्या तपासणीतून दुसऱ्या प्रकारचा अमायलॉइड नाही याची खात्री करतात आणि मग टेक्निशियम पायरोफॉस्फेटचा, म्हणजे हृदयात साचलेलं अमायलॉइड दाखवणारा, स्कॅन करतात. हा क्रम पाळला नाही तर चुकीचं निदान होतं, कारण दोन्ही प्रकारांचे उपचार अगदी वेगळे आहेत. टॅफामिडिस हे यावरचं औषध अमेरिकेत २०१९मध्ये मंजूर झालं. ते फार महाग आहे आणि जितकं लवकर सुरू होईल तितका उपयोग, म्हणून मनगटाच्या तक्रारीची नोंद महत्त्वाची.

आयुष्यात एकदाच करायची तपासणी

जनुकांचा रिपोर्ट न काढताही जनुकांचा परिणाम मोजता येतो, याचं उत्तम उदाहरण म्हणजे लिपोप्रोटीन-ए, रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण. रक्तातलं याचं प्रमाण ७० ते ९० टक्के अनुवंशावर ठरतं. आहार, चालणं, वजन यांनी ते जवळपास हलत नाही. दक्षिण आशियाई लोकांत ते युरोपीयांपेक्षा जास्त आढळतं. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ते नसतं, वेगळं सांगून करून घ्यावं लागतं. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा १२५ नॅनोमोल प्रति लिटर याच्या वर असेल तर धोका वाढलेला धरतात. या दोन एककांत सरळ गुणाकार करून रूपांतर करता येत नाही, म्हणून रिपोर्टवर आकड्याशेजारी काय लिहिलंय ते आधी वाचायचं. तापात, मोठ्या ऑपरेशननंतर लगेच किंवा किडनीचा आजार बळावलेला असताना आकडा चढलेला येऊ शकतो.

आकडा जास्त आला तर करायचं काय, हा खरा प्रश्न. थेट तो कमी करण्याच्या मागे न लागता बाकीची दारं घट्ट बंद करायची : एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, आणखी खाली आणणं, रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणं, तंबाखू पूर्ण थांबवणं. मिश्रीही तंबाखूच असते, हे इथे सांगावंच लागतं. आणि मुलांना ही तपासणी करायला सांगायचं.

एलडीएल १९० मिलिग्रॅमच्या वर असेल तर फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमियाची, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या जास्त कोलेस्टेरॉलच्या आजाराची, शंका घेतात. साधारण अडीचशेत एकाला तो असतो. टाचेवरची शीर जाड, गाठाळ झाली असेल तर शंका बळावते. पण अनुवंशाला दोष देण्याआधी थायरॉइडची टीएसएच तपासणी करायची. मंदावलेल्या थायरॉइडनेही एलडीएल चढतो आणि ज्येष्ठ स्त्रियांमध्ये हे सर्रास असतं.

जन्मापासून एलडीएल कमी असण्याचा फायदा किती, हे अमेरिकेतल्या एका जुन्या पाहणीतून कळलं. पीसीएसके९ हे जनुक निकामी झालेल्या कृष्णवर्णीय लोकांत एलडीएल २८ टक्के कमी होतं, आणि हृदयधमन्यांचा आजार तब्बल ८८ टक्के कमी. २००६ साली हे प्रसिद्ध झालं आणि त्यावरूनच आजची पंधरवड्याने घ्यायची एलडीएलची इंजेक्शनं निघाली. एलडीएल कमी करणारी गोळी साठीत सुरू केली तर इतका फायदा का मिळत नाही, याचंही उत्तर यातच आहे. इथे आकड्याइतकीच वर्षं मोजली जातात.

शेकडो बारीक जनुकांची बेरीज

बहुतेक लोकांचा झटका मात्र एका जनुकामुळे येत नाही. नवव्या गुणसूत्रावरची एक जागा २००७मध्ये सापडली, त्यानंतर अशा शेकडो जागांची भर पडली. त्यांची बेरीज करून ‘जोखीम-गुण’ काढतात. २०१६च्या एका अभ्यासात ५५ हजारांहून जास्त लोकांत हे गुण आणि राहणीमान एकत्र पाहिलं. सर्वाधिक आनुवंशिक जोखमीच्या गटात ज्यांनी धूम्रपान न करणं, लठ्ठ नसणं, आठवड्यातून एकदा तरी व्यायाम आणि बरा आहार या चारपैकी किमान तीन गोष्टी पाळल्या होत्या, त्यांचा धोका त्याच गटातल्या बेफिकीर लोकांपेक्षा ४६ टक्के कमी होता. अट किती साधी आहे ते बघा.

हे गुण मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बसवलेले आहेत. आपल्याकडे ते तितके नेमके बसत नाहीत. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातले १० हजार भारतीयांचे जनुकसंच आता संशोधकांना खुले झालेत. पण सत्तरीच्या माणसाला हा गुण काढून फारसं काही मिळणार नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्या वयात वाहिन्यांत काय झालंय ते थेट बघता येतं. तिथे अंदाजाचं काम नाही.

जन्मानंतर बदलणारी जनुकं

एक प्रकार असा, की जो आईवडिलांकडून आलेलाच नसतो. हाडांतल्या मगजात रक्तपेशी आयुष्यभर बनत राहतात आणि त्यांत नकलेच्या चुका साचतात. सत्तरीनंतर दहा टक्क्यांहून जास्त लोकांत अशी एखादी चूक झालेल्या एका पेशीची पिलावळ रक्तात मोठा वाटा पटकावून बसते. टीईटी२, डीएनएमटी३ए ही त्यातली नेहमीची जनुकं. कर्करोग नसतो, हिमोग्लोबिनही ठीक असतं, पण या पेशी वाहिन्यांत दाह वाढवतात. २०१७च्या संशोधनात अशा लोकांत हृदयधमन्यांच्या आजाराचा धोका जवळपास दुप्पट आढळला. हे मुलांना वारशात मिळत नाही. यासाठी सरसकट तपासणी करण्याची सध्या शिफारसही नाही.

स्नायूंची जनुकं आणि त्यांच्या नावाने चालणारी किटं

ऑनलाइन मिळणाऱ्या ‘फिटनेस’ किटांत दोन नावं हमखास असतात. एक एसीटीएन३ : जगातल्या साधारण पाचातल्या एकाच्या वेगवान स्नायुतंतूंत या जनुकाचं प्रथिन अजिबात नसतं. ऑलिम्पिकच्या दर्जाच्या धावपटूंत तो फरक दिसतो. नातवाला शाळेत सोडायला जाणाऱ्या आजोबांच्या बाबतीत त्याचा परिणाम इतका क्षीण, की त्यावरून व्यायाम ठरवणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

दुसरं एसीई. हे जास्त रंजक आहे, कारण त्याचा संबंध रक्तदाबाशीही आहे. एनालाप्रिल, रामिप्रिल या गोळ्या याच जनुकापासून तयार होणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवतात. सतराव्या गुणसूत्रावरच्या या जनुकात २८७ अक्षरांचा एक तुकडा काहींत असतो, काहींत नसतो. नसला की रक्तात विकर जास्त. अमेरिकेत पिट्सबर्ग आणि मेम्फिस इथल्या सत्तर ते एकोणऐंशी वयाच्या सुमारे तीन हजार लोकांवर ‘हेल्थ एबीसी’ नावाचा अभ्यास झाला. व्यायाम करणाऱ्यांपैकी ज्यांच्या आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रतींत तो तुकडा होता, त्यांना पुढे चालण्याची अडचण इतर व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त आली. व्यायाम न करणाऱ्यांत मात्र जनुकामुळे फरक पडला नाही. आणि जनुक कोणतंही असो, व्यायाम करणाऱ्यांना अडचण कमीच आली. रिपोर्ट काहीही आला तरी सल्ला बदलत नसेल, तर तो रिपोर्ट काढायचा कशाला?

व्यायामाचा सल्ला कोणता, त्यासाठी ‘लाइफ’ हा अमेरिकी प्रयोग पाहावा. ७० ते ८९ वयाचे, चालण्यात आधीच कमजोर झालेले १,६३५ लोक. एका गटाला चालणं, पायांच्या ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम. दुसऱ्याला आरोग्यावरची व्याख्यानं. सरासरी २.६ वर्षांनी ४०० मीटर चालणं अशक्य झालेल्यांचं प्रमाण व्यायामाच्या गटात ३०.१ टक्के, व्याख्यानांच्या गटात ३५.५ टक्के. फरक डोळे दिपवणारा नाही, पण खरा आहे. आणि त्यात नुसतं फिरणं नव्हतं. आपल्याकडे सकाळी बागेत तीन फेऱ्या मारल्या की व्यायाम झाला, असं समजतात. मांड्या आणि पोटऱ्यांवर वजन पडल्याशिवाय स्नायू टिकत नाही.

घरी मोजायचं असेल तर साधारण ४३ ते ४५ सेंटीमीटर उंच, हात नसलेली कडक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. प्लॅस्टिकची खुर्ची फरशीवर सरकते, सोफा खोल असतो, दोन्ही नकोत. हात छातीवर दुमडून पाच वेळा पूर्ण उभं राहायचं, खाली बसायचं, आणि पाचव्यांदा ताठ उभं राहिल्यावर घड्याळ थांबवायचं. आशियाई लोकांसाठीच्या २०१९च्या निकषांप्रमाणे १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पाय कमजोर समजावेत. चालण्याचा वेग सेकंदाला १ मीटरहून कमी, पकड पुरुषांत २८ आणि स्त्रियांत १८ किलोहून कमी, या बाकीच्या रेषा. गुडघ्याची झीज असेल तर दुखण्यामुळेही वेळ वाढतो, तेव्हा तो आकडा स्नायूंच्या नावावर मांडू नये. चाचणी करताना शेजारी कोणीतरी हवं. छातीत दाटलं, चक्कर आली तर तिथेच थांबायचं.

हाच उठण्या-बसण्याचा प्रकार व्यायाम म्हणूनही चालतो : आठ ते दहा वेळा, मध्ये दोन मिनिटं थांबून पुन्हा तितकेच, आठवड्यातून तीन दिवस. सहज जमू लागलं की पोटाशी एक लिटरची पाण्याची बाटली धरायची. प्रथिनं किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम लागतात, साठ किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीने हे भागत नाही. दूध, दही, पनीर, अंडी, मासे, सोयाबीन यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं. किडनीचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारूनच.

औषध, जनुक आणि दुखणारे स्नायू

स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी सुरू केल्यावर मांड्या दुखतात म्हणून गोळी बंद करणारे खूप. इथे जनुकांचा खरा हात आहे. एसएलसीओ१बी१ या जनुकातल्या एका बदलामुळे काही जणांत यकृत स्टॅटिन नीट उचलत नाही आणि ती रक्तात जास्त राहते. सिमव्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅम घेणाऱ्यांवरच्या २००८च्या संशोधनात या बदलाच्या एका प्रतीमागे स्नायूंना इजा होण्याची शक्यता सुमारे साडेचार पट निघाली. इतका मोठा डोस आता सहसा देत नाहीत.

पण दुसरी बाजूही आहे. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना आळीपाळीने स्टॅटिनची, नकली आणि ‘काहीच नाही’ अशा बाटल्या दिल्या. गोळीवर जो त्रास झाला, त्यातला ९० टक्के त्रास नकली गोळीवरही झाला. म्हणून आपल्या मनाने गोळी सोडू नये. सीके (स्नायूंची इजा दाखवणारी तपासणी), टीएसएच आणि ड जीवनसत्त्व तपासून डोस कमी करणं किंवा दुसऱ्या स्टॅटिनवर जाणं, हा रस्ता आहे. लघवी गडद तपकिरी झाली आणि स्नायू लुळे पडत असतील, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

स्टेंटनंतर गुठळी होऊ नये म्हणून देतात त्या क्लोपिडोग्रेल या गोळीचंही असंच. ती यकृतात सीवायपी२सी१९ या विकरामुळे कामाला लागते आणि हे विकर मंद असण्याचं प्रमाण भारतीयांत युरोपीयांपेक्षा जास्त आहे. गोळी नियमित घेऊनही स्टेंटमध्ये गुठळी झाली असेल, तर ही तपासणी विचारण्यासारखी आहे. पर्यायी औषधं आहेत.

तपासणी करायचीच असेल तर

रक्त आधी आजारी माणसाचं द्यायचं, धडधाकट मुलाचं नाही. आजारी माणसात दोषी बदल सापडला, की मुलांमध्ये नेमका तोच शोधता येतो आणि खर्चही कमी येतो. उलट केलं तर मुलाचा ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट काहीच सांगत नाही. रिपोर्टवर ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आला तर त्यावरून कोणाचंही ऑपरेशन, लग्न किंवा औषध ठरवायचं नाही. दोन-तीन वर्षांनी त्याच लॅबला तो बदल पुन्हा तपासून द्यायला सांगायचं, वर्गवारी बदललेली असू शकते. आणि घरातली जुनी कागदं, इकोची सीडी, कोण कितव्या वर्षी कशाने गेलं याची यादी, एका फाइलमध्ये लावून ठेवायची. जेनेटिक समुपदेशक पहिल्या भेटीत तीच मागतात.